कॅप्सूलमधले पांढरे दाणे कशासाठी?

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले की शेजारचे काका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. मी फार्मसी कॉलेजात शिकवते, त्यामुळे गावातल्या औषधांच्या सगळ्या शंका त्यांच्यामार्फत माझ्यापर्यंत येतात. मागच्या खेपेला त्यांनी खिशातून गजकर्णाच्या कॅप्सूलची पट्टी काढली, एक कॅप्सूल दोन्हीकडून ओढून उघडली आणि आतला माल तळहातावर ओतला. राजगिऱ्याएवढे पांढरे, गोल दाणे.

"पाय पोरी, महिना झाला या गोया खाऊन राह्यलो. गजकर्ण जसंच्या तसं हाय. अन् आत तं नुसती साखर दिसते. फसवते का काय आमाले?"

काकांचं अर्धं बरोबर होतं. त्या दाण्याच्या पोटात खरोखरच साखर असते. मी विचारलं, घेता कशी? तर म्हणाले, सकाळी उपाशीपोटी, गॅसच्या गोळीसोबत. घोळ तिथंच होता. साखर का, उपाशीपोटी का नको आणि गॅसच्या गोळीनं काय बिघडतं, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते त्या संध्याकाळी जमेल तसं सांगितलं. इथं जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न एकट्या काकांचा नाही.

आधी विरघळायला हवं

गोळी गिळली म्हणजे औषध अंगात गेलं असं आपण धरून चालतो. पण पोट आणि आतडं ही एका अर्थानं अंगाच्या बाहेरचीच जागा आहे, तोंडापासून खालपर्यंत गेलेली एक लांब नळी. औषधाला त्या नळीच्या भिंतीतून पलीकडे रक्तात जायचं असतं. भिंतीतून कण जात नाहीत, सुटे रेणूच जातात. मिठाचा खडा फडक्यातून गाळला जात नाही, पण मिठाचं पाणी पलीकडे जातं, तसंच हे. जे औषध आतड्यातल्या पाण्यात विरघळलं नाही, ते पट्टीवर कितीही मिलीग्रॅम छापलेले असोत, जसं आलं तसं संडासवाटे निघून जातं.

एखादा पदार्थ ठरावीक पाण्यात जास्तीत जास्त किती विरघळू शकतो, त्या मापाला विद्राव्यता म्हणतात. औषधांच्या जगात ती मोजायची एक घरगुती वाटावी अशी कसोटी आहे. त्या औषधाची सगळ्यात मोठी मात्रा २५० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे गोळीसोबत आपण पितो तेवढ्या मोठ्या ग्लासभर पाण्यात, विरघळते का? पोटातल्या आंबटपणापासून आतड्यातल्या जवळपास बिनआंबट पाण्यापर्यंत सगळीकडे विरघळली तर औषध 'चांगलं विरघळणारं'. १९९५ मध्ये गॉर्डन अमिडॉन या अमेरिकी शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावरून औषधांचे चार वर्ग पाडले. विरघळतं की नाही आणि भिंतीतून पलीकडे जातं की नाही, एवढे दोनच प्रश्न. आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे दुसरा वर्ग: भिंतीतून सहज जाईल, पण आधी विरघळायलाच तयार नाही.

काकांच्या कॅप्सूलमधलं इट्राकोनॅझोल याच वर्गातलं. हिशेब करून पाहू. बिनआंबट पाण्यात ते मिलिलिटरला सुमारे एक नॅनोग्रॅम विरघळतं, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. मग १०० मिलीग्रॅमच्या एका कॅप्सूलला पाणी किती लागेल? एक लाख लिटर. उन्हाळ्यात गावात येतात तसे दहा हजार लिटरचे दहा टँकर. पोटातल्या आम्लात तेच औषध कितीतरी जास्त विरघळतं, तरी तिथंही वीस-पंचवीस लिटर लागतात, म्हणजे पाणी भरायचे दोन गुंड. आणि आपण पितो एक ग्लास.

गॅसच्या गोळीचं उत्तर इथंच मिळतं. ती गोळी पोटातलं आम्ल कमी करते. काका रोज सकाळी दोन गुंडांचं काम दहा टँकरांवर नेऊन ठेवत होते.

असं औषध शोधतातच कशाला?

"मंग पाण्यात इरघयनारंच औषध काहून नाही बनवत?" हा काकांचा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे.

औषधाला जिथं जाऊन काम करायचं असतं ती जागा बहुधा स्निग्ध असते. पेशीचं आवरणच चरबीचं. आतली जी प्रथिनं औषधाला पकडायची असतात, त्यांच्या खाचाही बऱ्याचदा तेलकट असतात. त्यात घट्ट बसणारा रेणूही मग तेलाकडे झुकणारा निघतो. रेणू पाण्याला आवडेल असा बदलावा, तर तो खाचेत नीट बसत नाही आणि औषध म्हणून त्याचा जोर जातो.

आपल्या वायगावच्या हळदीचं पाहा. पाण्यात टाकली तर गढूळ होते, थोड्या वेळानं तळाशी बसते. फोडणीच्या तेलात पडली की सगळा रंग तेलात उतरतो. हळदीतलं पिवळं द्रव्य, कुरकुमिन, हे याच जातीचं. आपल्या आज्यांना हळद तेलात सोडायची हे कुणी प्रयोगशाळेत शिकवलं नव्हतं.

काही औषधं मात्र तेलातही नीट जात नाहीत. त्यांचे रेणू स्फटिकात इतके घट्ट रचलेले असतात की भिंतीतली वीट उपटावी तसा एकेक रेणू सुटा करावा लागतो. या क्षेत्रातले लोक पहिल्या जातीला 'चरबीचा गोळा' म्हणतात आणि दुसरीला 'विटेचा भुगा'. नावं ओबडधोबड आहेत, पण औषध कोणत्या जातीचं हे कळलं की निम्मा मार्ग कळतो. पहिल्याला तेलाची सोबत लागते, दुसऱ्याची वीटभिंत मोडावी लागते.

फवारणीच्या डब्यावरची दोन अक्षरं

सोबतीला काय द्यायचं आणि औषधाला कोणत्या रूपात बांधायचं, या सगळ्या कामाला फॉर्म्युलेशन म्हणतात. शब्द परका वाटतो, पण कापूस पेरणारा प्रत्येक माणूस ही विद्या हातानं करतो. फवारणीच्या डब्यावर टक्क्यांच्या पुढं दोन अक्षरं असतात, ती आठवा.

इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल: बादलीत ओतलं की पाण्यात मिसळून जातं, पाणी पांढरं होत नाही. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी: ओतताच पाणी दुधासारखं पांढरं. इथं औषध पाण्यात विरघळतच नाही. ते तेलकट द्रावकात विरघळवून ठेवलेलं असतं आणि सोबत साबणासारखा पदार्थ असतो. पाणी लागताच त्याचे बारीक थेंब होऊन पसरतात. कार्बेन्डाझिम ५० टक्के डब्ल्यूपी: भुकटी. ढवळत राहावं लागतं, नाहीतर पंपाच्या तळाशी बसते. फिप्रोनील ५ टक्के एससी: इतकं बारीक दळून पाण्यात तरंगत ठेवलेलं की सहज बसत नाही.

माणसाच्या औषधात याच युक्त्या आहेत. मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाला लागणारं सायक्लोस्पोरिन हे ईसीसारखं आहे. त्याचं जुनं तेलातलं रूप पित्तावर अवलंबून असायचं, त्यामुळे कुणाच्या रक्तात किती जाईल याचा भरवसा नसे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर पोटातल्या पाण्यात आपोआप अतिशय बारीक थेंब होणारं नवं रूप आलं आणि हा चढउतार बराच कमी झाला. औषध तेच होतं, बांधणी बदलली.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या द्रावकामुळे ईसी किडीच्या अंगात उतरतं, तेच ते आपल्या कातडीतूनही आत नेतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं जी माणसं गेली, ती आठवली की आजही जीव कासावीस होतो. हातमोजे न घालता ईसी कालवू नका, आणि दोन डबे मनानं एकत्र करू नका.

बारीक दळणं: वेग वाढतो, मर्यादा नाही

खडीसाखर चहात विरघळायला वेळ लागतो, पिठीसाखर लगेच विरघळते. साखर एकच. पाणी फक्त पृष्ठभागाला शिवतं, म्हणून पृष्ठभाग जितका जास्त तितकी विरघळण्याची गती जास्त. १८९७ मध्ये नॉइज आणि व्हिटनी या दोन अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी हा नियम सूत्रात मांडला आणि औषधशास्त्र आजही त्याच सूत्रावर चालतं. एक सेंटिमीटरचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच घन एकेक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, कणांत दळला तर सहा चौरस मीटर, तीन बाजा शेजारी शेजारी टाकता येतील एवढा.

रक्तातली चरबी कमी करणाऱ्या फेनोफायब्रेटची गोष्ट याचीच. सुरुवातीला दिवसाला ३०० मिलीग्रॅम द्यावं लागे. बारीक दळल्यावर तेच काम २०० मध्ये व्हायला लागलं, आणि नॅनो कणांपर्यंत दळल्यावर १४५ मध्ये. जास्तीचे दीडशे मिलीग्रॅम आधी नुसते वाया जात होते.

पण दळणाची एक हद्द आहे. बेसन फार बारीक असेल आणि गरम पाण्यात एकदम टाकलं तर गुठळ्या होतात, तसं औषधाचंही होतं. शिवाय पिठीसाखर लवकर विरघळते म्हणून एका कपात जास्त साखर मावते असं नाही. इट्राकोनॅझोलला जिथं दहा टँकर लागतात, तिथं नुसत्या दळणानं भागत नाही.

जत्रेतले बुढ्ढी के बाल

मर्यादा ओलांडायची असेल तर वीटभिंतच मोडावी लागते. जत्रेत मिळणारे गुलाबी बुढ्ढी के बाल तोंडात ठेवताच नाहीसे होतात. ती साखरच आहे, पण वितळवून, गरगर फिरवून इतक्या झटकन थंड केलेली की रेणूंना रांगेत उभं राहायला वेळच मिळत नाही. अशा रचना नसलेल्या घन रूपाला अस्फटिक म्हणतात. काच अशीच असते, चिक्कीतला पाकही असाच. अस्फटिक औषधात भिंत आधीच मोडलेली असते, त्यामुळे रेणू सहज सुटतात आणि काही काळ पाण्यात नेहमीच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त औषध उतरतं.

'काही काळ' हे शब्द महत्त्वाचे. पावसाळ्यात बुढ्ढी के बाल पुडीतून बाहेर काढून ठेवले तर घटकाभरात आकसून चिकट गोळा होतो. ओल लागली की रेणू हलू लागतात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात. औषधाचं पट्टीत तसं झालं तर सगळी मेहनत वाया. पोटात झालं, तर विरघळलेलं औषध पुन्हा कण होऊन तळाशी बसतं.

लाडवांचा पाक करताना त्यात लिंबू पिळतात, ते पाक साखरू नये म्हणून. औषधातही रेणूंना पुन्हा रांग धरू न देणारा कुणीतरी लागतो. हे काम पॉलिमर करतो. पॉलिमर म्हणजे लांबलचक साखळीचा रेणू, डिंकासारखा. औषधाचे रेणू त्या साखळ्यांच्या जाळ्यात एकेकटे अडकून पडतात. यात सर्रास वापरला जाणारा एक पॉलिमर आहे हायप्रोमेलोज. तो सेल्युलोजपासून होतो, आणि सेल्युलोज मिळतो लाकडाच्या लगद्यातून किंवा सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंतून. म्हणजे पऱ्हाटीचं आणि या कॅप्सूलचं नातं वाटतं त्याहून जवळचं आहे.

आता काकांच्या तळहातावरचे दाणे पाहू. संक्रांतीला तिळाचा हलवा करताना गरम परातीत तीळ हलवत त्यावर थेंब थेंब पाक सोडतात आणि थरावर थर चढतो. कॅप्सूलमध्ये याच्या उलट आहे. आत साखरेचा दाणा आणि त्यावर औषधाचा थर. इट्राकोनॅझोल आणि हायप्रोमेलोज एका द्रावकात विरघळवून साखरेच्या दाण्यांवर फवारतात. द्रावक उडून जातं आणि अस्फटिक औषधाचा पातळ लेप मागं राहतो. साधारण साडेचारशे मिलीग्रॅम तयार दाण्यांत १०० मिलीग्रॅम औषध असतं. साखर फसवायला घातलेली नाही. लेप चढायला गोल, मोठा पृष्ठभाग हवा म्हणून ती आहे.

पेरणीआधीची उगवण चाचणी

हे सगळं मागं वळून सांगायला सोपं आहे. नवा रेणू हाती येतो तेव्हा त्याला तेल चालेल, दळण चालेल की पॉलिमर, आणि पॉलिमर असेल तर कोणता, यातलं काहीच ठाऊक नसतं. रसायनशास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने खपून बनवलेला माल असतो काही ग्रॅम, कधी त्याहूनही कमी. प्रत्येक पर्यायाची गोळी करून पाहायची म्हटलं तर पहिल्या तीन गोळ्यांतच माल संपेल.

सोयाबीन पेरण्याआधी आपण काय करतो? पोत्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सत्तर उगवले तर ते बियाणं पेरायचं. सगळं वावर पणाला लावण्याआधी मूठभर दाण्यांवर खात्री करून घेतो. औषधाच्या सुरुवातीच्या टप्प्यातली चाळणी हीच. तिला स्क्रीनिंग म्हणतात.

प्लास्टिकची हाताच्या पंजाएवढी एक ताटली असते. तिच्यात आठ रांगा, प्रत्येकीत बारा खळगे, म्हणजे ९६ इवल्या वाट्या. प्रत्येक वाटीत मिलीग्रॅमहूनही कमी औषध एखाद्या द्रावकात विरघळवून घालतात. एका वाटीत पॉलिमर हा, शेजारच्या वाटीत तो. कुठं औषध एक भाग आणि पॉलिमर तीन भाग, कुठं उलट. कुठं थोडा साबणाच्या जातीचा पदार्थ जोडीला. मग द्रावक उडवतात. तळाशी पातळ पापुद्रा उरतो.

आता पाणी. नळाचं पाणी इथं कामाचं नाही, कारण आतड्यात नुसतं पाणी नसतं, पित्त असतं. रिठ्याचं पाणी जसं तेलकट डाग धरून सोडवतं, तसं पित्त तेलकट औषधाला धरून पाण्यात ठेवतं. म्हणून प्रयोगशाळेत पित्तक्षार आणि लेसिथिन घालून नकली आतड्याचं पाणी करतात. एक उपाशी पोटाचं, एक जेवलेल्या पोटाचं. जेवलेल्या पोटाच्या पाण्यात हे पदार्थ जास्त असतात. काही औषधं जेवणानंतर घ्यायला का सांगतात, त्याचं बरंचसं उत्तर या दोन बाटल्यांत आहे.

हे पाणी अंगाएवढं गरम, ३७ अंश सेल्सियसवर ठेवून वाट्यांत घालतात, ताटली हलवत राहतात आणि काही मिनिटांनी, मग तासाने, मग आणखी काही तासांनी थेंब काढून, गाळून, त्यात किती औषध उतरलं ते मोजतात. एवढा वेळ यासाठी की लहान आतड्यातून जायला औषधाला साधारण तीन-चार तास लागतात. जे व्हायचं ते तेवढ्यात व्हायला हवं.

माझ्या विद्यार्थ्यांची इथं हटकून चूक होते. ते सगळ्यात उंच उडी मारणारी वाटी निवडतात. पाच मिनिटांत औषध भराभर उतरलं, आकडा मोठा आला की खूश. तासाभरानं त्याच वाटीत सगळं खाली बसलेलं असतं. उडी जितकी उंच, तितकी पुन्हा कण होऊन बसण्याची ओढ जास्त. जरा कमी उंच जाऊन तीन तास तिथंच टिकणारी वाटी मला नेहमी जास्त मोलाची वाटते. या कामात उडी देणारा एक लागतो आणि छत्री धरून हळू खाली आणणारा दुसरा. पुष्कळदा हे दोन वेगळे पॉलिमर असतात.

या चाळणीची मर्यादाही सांगायला हवी. वाटीतला पापुद्रा म्हणजे कारखान्यातली भुकटी नव्हे. गोणपाटात उगवलेलं बी वावरातही तसंच उगवेल याची हमी नसते, पण गोणपाटातच कुजलेलं बी वावरात उगवत नाही एवढं पक्कं. म्हणून ९६ वाट्यांतून चार-पाच उरतात, त्यांचा जरा जास्त माल करतात आणि ४० अंश उष्णता, ७५ टक्के दमट हवा अशा कपाटात महिनोन्‌महिने ठेवतात. मधूनमधून क्ष-किरण टाकून स्फटिक उगवले का ते पाहतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो आणि जुलैत भिंतींना ओल येते. हे कपाट मला कधी परकं वाटलं नाही.

सुरुवातीलाच का?

कारण उशिरा कळलं तर चांगलं औषध नापास होतं. वेमुराफेनिब हे त्वचेच्या एका कर्करोगावरचं औषध. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत ते स्फटिक रूपात दिलं. मात्रा वाढवत नेली, तरी रक्तात पुरेसं पोचेना आणि गाठी कमी होईनात. तिथंच फाईल बंद झाली असती. चाचणी थांबवून औषध पॉलिमरसोबत अस्फटिक रूपात बांधलं, आणि पुढं पुरेशी मात्रा मिळालेल्या बहुतेक रुग्णांच्या गाठी आकसल्या. २०११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रेणूत एका अणूचाही फरक केलेला नव्हता.

उलट बाजूची गोष्ट रिटोनाविरची. एचआयव्हीवरचं हे औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. कॅप्सूलमध्ये ते विरघळलेल्या रूपात भरलेलं होतं आणि त्याचा एकच स्फटिक ठाऊक होता. १९९८ मध्ये कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास व्हायला लागल्या. आत एक दुसराच स्फटिक तयार होत होता, जास्त घट्ट रचलेला आणि कितीतरी कमी विरघळणारा. दुधात विरजणाचा थेंब पडावा तसं त्या नव्या स्फटिकाचं झालं. तो जिथं पोचला तिथं जुना स्फटिक बनवणंच अवघड झालं. कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. ज्यांचा जीव रोजच्या औषधावर होता, त्यांना चवीला नकोसं असलेलं पातळ औषध प्यावं लागलं. मग फ्रिजमध्ये ठेवायची कॅप्सूल आली, आणि बाहेर ठेवता येईल अशी, पॉलिमरसोबत वितळवून केलेली गोळी अमेरिकेत आली ती २०१० मध्ये. या प्रकारानंतर औषधाचे शक्य तितके स्फटिक आधीच शोधून काढणं हा सुरुवातीच्या चाळणीचा पक्का भाग झाला.

'शुद्ध औषधच द्या की, बाकीचं कशाला?'

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर हा प्रश्न मला फार जणांनी विचारला. शेजारच्या छिंदवाड्यातली वीसहून जास्त लेकरं खोकल्याच्या औषधानं दगावली. कित्येकांना मूत्रपिंड निकामी झालेल्या अवस्थेत नागपूरला आणलं होतं. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निम्म्याच्या आसपास निघालं. मर्यादा आहे ०.१ टक्का.

हे विष औषध नव्हतं, सोबतीचं द्रव होतं. पातळ औषधात मूळ औषध विरघळून राहावं म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखं सुरक्षित द्रावक घालतात. ते औषधी प्रतीचं नसेल, तपासलेलं नसेल, तर त्याच्या जागी किंवा त्याच्यासोबत हे विष येतं. दिसायला सारखं, चवीला गोड. १९३७ मध्ये अमेरिकेत हेच झालं होतं. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध पाण्यात नीट विरघळेना, म्हणून एका कंपनीनं ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकलं. शंभरहून जास्त माणसं गेली, त्यात पुष्कळ लेकरं. दुसऱ्याच वर्षी तिथं औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवण्याचा कायदा झाला.

म्हणून माझं उत्तर असं: सोबतीचे पदार्थ टाळता येत नाहीत, कारण त्यांच्याशिवाय पुष्कळ औषधं शरीरात शिरतच नाहीत. पण विरघळतं एवढ्यावर कोणतंही द्रावक निवडता येत नाही, आणि निवडलेल्याचं प्रत्येक पिंप तपासल्याशिवाय उघडता येत नाही. ही तपासणी खर्चाची बाब म्हणून टाळणाऱ्याला कुठलीही सबब असू नये.

जेनेरिक गोळी तशीच काम करते का?

जेनेरिक म्हणजे मूळ औषधाची दुसऱ्या कंपनीनं केलेली आवृत्ती. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनसारखं औषध पाण्यात सहज विरघळतं, तिथं बांधणीनं फार फरक पडत नाही. न विरघळणाऱ्या औषधात मात्र बांधणीवर सगळं असतं. म्हणूनच एप्रिल २०१७ मध्ये आपल्या देशातला नियम बदलला. कमी विरघळणाऱ्या, म्हणजे अमिडॉनच्या दुसऱ्या आणि चौथ्या वर्गातल्या औषधाचं नवं जेनेरिक आणायचं असेल, तर ते माणसांच्या रक्तात मूळ औषधाइतकंच पोचतं हे दाखवणं सक्तीचं झालं. या नियमातून गेलेलं जेनेरिक स्वस्त आहे म्हणून कमी दर्जाचं समजू नये.

पण इट्राकोनॅझोलसारखी औषधं आपल्या बाजारात फार आधीपासून डझनावारी नावांनी आहेत. त्यांच्या दाण्यांचा आकार आणि संख्या सारखी नसते, हे भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी कॅप्सूल उघडून, मोजून दाखवलं आहे. अशा औषधाचा एका नावानं गुण येत असेल तर मध्येच बदलू नये, बदलावं लागलं तर डॉक्टरांच्या कानावर घालावं.

घरात याचा उपयोग

'जेवणानंतर' आणि 'उपाशीपोटी' या सूचना सवयीनं लिहिलेल्या नसतात. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनचं शोषण जेवणानं कमी होतं, म्हणून ते उपाशीपोटी. दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचं बेडाक्विलिन जेवणासोबत, कारण त्यानं रक्तात सुमारे दुप्पट औषध पोचतं. हिवतापावरचं लुमेफॅन्ट्रिन तूप-तेलाच्या जेवणासोबत सोळा पटींपर्यंत जास्त शोषलं जातं. आजारी माणसाला जेवण जात नसेल तर निदान दूध तरी पाजा.

शाळेत लेकरांना जंताची गोळी देतात, ती अल्बेंडाझोलची. तीही पाण्यात फारशी विरघळत नाही आणि इथं ते चालतं, कारण जंत आतड्यातच असतात. औषध रक्तात न जाता तिथंच राहिलं तर बरंच. मेंदूतल्या जंताच्या गाठींसाठी हेच औषध देतात तेव्हा मात्र ते स्निग्ध जेवणासोबत घ्यायला सांगतात.

काकांची कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची असते. गॅसची गोळी खरंच लागते का, लागत असेल तर दोन्हींत किती अंतर ठेवायचं, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं पाहिजे. ज्यांच्या पोटात आम्लच कमी असतं त्यांना ही कॅप्सूल साखरेच्या कोलासोबत घ्यायला सांगतात, इतका या औषधाचा जीव आंबटपणात आहे. दाणे कुटून मात्र कधी खाऊ नयेत.

एवढं सांगून झाल्यावर मी रक्तदाबाच्या गोळीचं विचारलं. काकांना आरोग्य केंद्रातून टेल्मिसार्टन मिळतं. ते आतड्यातल्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून गोळीत अल्कली घालतात. ती अल्कली हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे ही गोळी खायच्या वेळीच पट्टीतून काढायची असते. काका काही न बोलता उठले, घरातून तंबाखूचा रिकामा डबा घेऊन आले. पट्ट्या फोडून महिन्याच्या गोळ्या त्यांनी त्यात मोजून ठेवल्या होत्या. झाकण उघडून डबा उलटा केला. चार गोळ्या हातात पडल्या. बाकीच्या ओलसर होऊन तळाला चिकटल्या होत्या.